पाकिटावरची नावं

तीनशे तबकड्या आल्या मंगळवारी,
खोक्यांवर ओमाहाचा शिक्का.
लाइलच्या आईने तळघरात किराणा बाजूला सारून
जागा करून दिली, बटाट्यांच्या पोत्याशेजारी.

आमची पहिली रेकॉर्ड.
बँडचं नाव सेकंड कटिंग,
म्हणजे गवताची दुसरी कापणी. पहिलीपेक्षा कमी निघते,
पण मऊ. गुरं आधी तिच्याकडे वळतात.
हे आम्हाला एमिलनेच सांगितलेलं,
नाव ठेवून झाल्यावर.

मुद्रण बंद पडलेल्या पशुदवाखान्यात.
फरशीला उतार, मधोमध मोरी,
भिंतींना कुणाकुणाच्या जुन्या गाद्या ठोकलेल्या.
तिसऱ्या गाण्यात, दुसऱ्या कडव्यानंतर,
फ्रीज सुरू होतो.
काढला नाही आम्ही तो. जवळपास सुरात होता,
आमच्याइतकाच.
डार्सी गाताना डोळे मिटत नाही,
समोरचा घोड्याच्या दातांचा तक्ता वाचत राहते.
वय ओळखायचा तक्ता.

एमिल कुद्रना, वय सहासष्ट.
दिवसा मक्याच्या शेतांतली पाण्याची फिरती यंत्रं दुरुस्त करतो,
शनिवारी झेक हॉलमध्ये पोल्का.
चाळीस वर्षं लोकांच्या लग्नांत वाजवलं,
रेकॉर्डवर एकदाही नाही.
"तुमच्या गिटारी आहेत की, कर्कश. मी कशाला?" म्हणाला,
आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला
पेडल स्टील पिकअपमधून उतरवत होता, एकटाच.

त्या वाद्याला गुडघे लागतात, घोटे लागतात,
हातात लोखंडाचा गुळगुळीत तुकडा लागतो.
दोन सुरांमधली जी जागा आम्ही
उडी मारून ओलांडायचो,
तिथून तो चालत जायचा,
शेताचं फाटक उघडून, मागे लावून घेत.

चौथ्या गाण्यात सव्वादोन मिनिटं
त्याने काहीच वाजवलं नाही.
लाइल ड्रमवरून माझ्याकडे बघतोय, मी मोरीकडे.
आणि शेवटच्या ओळीखाली एकच सूर, इतका ओला
की डार्सी शब्द विसरली.
तोच टेक ठेवला.

तर मंगळवारी खोकं फोडलं.
आतल्या पाकिटावर, यादीत सगळ्यात खाली:
एमिल कुर्दना.

टाइप मी केलं होतं. रात्री दोन वाजता.
बेस वाजवणारीची चूक कुणाला ऐकू येत नाही म्हणतात.
ही तीनशे वेळा छापून आली.

मी आणि डार्सी गेलो त्याच्याकडे
दहा प्रती घेऊन, गाडीत वाक्यं जुळवत.
पुन्हा छापू, असं म्हणणार होतो.
पैसे नव्हते, पण म्हणणार होतो.
त्याने चष्मा शोधला. पावाच्या डब्यावर होता.
पाकीट खिडकीशी नेऊन वाचलं वरपासून,
गाद्या देणाऱ्या बायकांच्या नावांसकट.
खालच्या ओळीशी थांबला.
बराच वेळ.
"फ्रीजचं नाव नाही घातलंत," म्हणाला.

मग खणातून बॉलपेन काढलं
आणि एकाच प्रतीवर, बाकीच्यांना हात न लावता,
दोन अक्षरं खोडून आपापल्या जागी बसवली.
ब्राउन पेपर. दोरा. पत्ता तल्साचा.
मुलगी. अकरा वर्षं झाली तिने फोन उचलून,
हे गावात पोस्टमनलाही माहीत आहे.
"लग्नानंतरही आडनाव तेच ठेवलंय तिने," गाठ मारताना म्हणाला,
"तिला नीट लिहिलेलं लागतं."

उरलेल्या नऊ आमच्याकडे सरकवल्या.
"या राहू देत अशाच.
कुर्दना बरा वाजवतो."

परतताना त्याच्या आवाराचं फाटक उघडायला
मी उतरले. डार्सीने गाडी बाहेर काढली.
लावून घेतलं मी.
वेळ लागला. कडी तिरपी होती.