खालचा पंप

ओरेगनहून मेल आला तेव्हा परसोडीच्या आयटी पार्कात
एसी दुसऱ्यांदा बसला होता. बाहेर पंचेचाळीस.
शुक्रवारपर्यंत सगळ्या कोडमधून
मास्टर आणि स्लेव्ह काढून टाका.
काळी यादी, पांढरी यादी, त्याही.
मी मोजलं : अकराशे त्रेचाळीस जागा.

आल्हाद डबीर म्हणाला, यंत्राला कुठे वाईट वाटतं?
वायरीला जात असते का?
सगळे हसले. मीही हसले असेन,
सवयीने, स्क्रीनकडे बघत.
मग दीड तास चर्चा.
ही तिकडची भानगड, कुणी म्हणालं,
त्यांचा इतिहास, त्यांचे गुलाम,
आपल्याकडे असलं कुठे होतं.
बोलता बोलता त्याने चहाचा कागदी कप टेबलावरच सोडला
कौतिकाबाई उचलेल म्हणून.
तिचा स्टीलचा पेला खिडकीत, जाळीला टेकून,
वेगळा.
तिथे ठेव असं तिला कुणी सांगितलेलं नाही.
कुठल्या फाइलीत तसा नियम नाही.
शोध लावला असता
तर शून्य जागा मिळाल्या असत्या.

घरी, इंदोऱ्यात, बाबा कुलरसमोर बनियनवर.
चाळीस वर्षं कामठी रोडला
ट्रकच्या पोटाखाली पाठ टेकलेला माणूस.
विचारलं, क्लचला ते दोन सिलिंडर असतात,
त्यांना तुम्ही काय म्हणायचे?
"पुस्तकात मास्टर न् सिलेव लिवलं राहे.
आमी वरचा पंप म्हनो, खालचा पंप म्हनो.
वरच्यावर पाय पडते, खालचा सरकते."
कुलरमधल्या पाण्याचा आवाज.
"गळते मात्र पयले खालचाच."

आता प्राथमिक आणि दुय्यम म्हणायचं, मी सांगितलं.
"दुय्यम?" बाबा खोकेपर्यंत हसले.
"दुय्यम निबंधक? त्यानं तं प्लॉटच्या टायमाले
माह्याकडून दोन हजार घेतले बाप्पा!"

मामाच्या गावी, भिवापूरच्या पुढे,
गेल्या वर्षी वस्तीची पाटी बदलली.
सरकारी कागद आला, पेंटर आला,
आमच्या नावाचा वाडा पुसला
आणि वर समता नगर, त्यातला स जरा कलंडलेला.
मी ऑटोवाल्याला म्हटलं, समता नगर.
त्याने आरशातून पाहिलं.
"म्हंजे थेच नं?"
हो, म्हटलं. तेच.

पण मामाची नात पहिलीत आहे.
वहीवर पत्ता लिहिताना ती थांबत नाही.
चौथीपर्यंत मी त्याच शाळेत होते,
मी थांबायचे.
दर जूनमध्ये, पेन्सिल उचलून,
शेजारच्या पोरीने मान वळवेपर्यंत.

हे आल्हादला सांगावं असं वाटलं.
मग वाटलं, त्याला काय, तो म्हणेल सॉरी,
आणि दिवसभर माझ्याशी हळू आवाजात बोलेल.

गुरुवारी रात्री बसले.
एका झटक्यात बदलता येत नाही.
हेडमास्टर मधेच तुटतो, पोस्टमास्टर तुटतो,
कुणाच्या तरी कार्डाचं नाव तुटतं.
एकेक ओळ उघडायची, वाचायची,
इथे हा शब्द कोणाला म्हटलाय ते बघायचं.
कंटाळा आला. डोळे चुरचुरले.
पाचशेच्या पुढे कुठेतरी राग आला,
की हे काम माझ्याच वाट्याला का,
आणि लगेच, दुसऱ्या कुणाला दिलं असतं तर आणखी आला असता.

दोनच्या सुमाराला एक जुना सर्व्हर बंद पडला.
नवं नाव त्याला कुणी कळवलंच नव्हतं.
जुन्याच नावाने हाक येईल
म्हणून तो वाट बघत होता.
मी त्याच्या फाइलीत शिरले. वर्ष दोन हजार अकरा,
लिहिणाऱ्याचं नाव नाही.
एक शब्द बदलला आणि तो उठला.

सकाळी बाबा पेपरमागून :
"झालं का वं खालच्याचं?"
झालं.
"चालते?"
चालतं.
"गळते का थे पाह्यत राह्य दोन-चार दिवस."