बिनधुराची

ताकाला जाऊन भांडं लपवायचं वय राहिलं नाही माझं.
सरळ म्हणालो, सुक्या पाल्याची वाफ काढणारं यंत्र हवंय,
मुठीत मावेल एवढं,
आणि पडलं तरी मोडणार नाही असं.

पीस रिव्हरच्या त्या दुकानात काउंटरमागे डेल्फिन कार्डिनल.
तिच्या आजोबांना ओळखायचो मी.
सापळे लावायचे ते, वर्षाकाठी चार वाक्यं बोलायचे.
नातीनं सगळी थकबाकी फेडलीय.
"कुठून पडणार आहे?" तिनं विचारलं.
शंभर फुटांवरून.
ती हसली. मग माझे बूट पाहिले तिनं
आणि हसायची थांबली.

मे ते सप्टेंबर मनोऱ्यावर असतो मी.
लोखंडी शिडी, वर सगळीकडून काचांची खोली,
आणि नजर संपेल तिथवर काळे स्प्रूस.
टेकडीवर धूर, म्हणून टेकडीवर आग:
एवढ्या एका वाक्याचा पगार घेतोय
गेली एकोणीस वर्षं.
आता तूच सांग पोरी,
मी तिथे काडी ओढू?

खांदा रात्रभर जागा असतो.
शिडीनं खाल्लाय तो, रोज घासभर.
डॉक्टर म्हणाली, गोळ्या पुरे झाल्या, पोटाचं बघा,
थोडा गांजा घेऊन पाहा, झोपेपुरता.
(आई असती तर तीनदा क्रूस केला असता तिनं,
आणि मग हळूच विचारलं असतं,
गुडघ्यालाही चालतो का रे, ओरेस्ट?)

डेल्फिननं चार मांडले.
पहिला काचेचा. देखणा. ह्याच्यात चव खरी लागते म्हणाली.
मला शिडी आठवली. उचलून ठेव म्हणालो.
दुसरा लायटरच्या ज्योतीवर तापणारा.
बॅटरीची कटकट नाही, थंडीत रुसत नाही,
शहाणा माणूस हाच घेईल.
पण ज्योत ती ज्योत.
वणव्याच्या दिवसांत माझ्या खिशात ज्योत
म्हणजे पहारेकऱ्याच्या घरी चोराचं बिऱ्हाड.
तिसरा चालवायला फोन लागतो.
माझ्याकडे फोन लागत नाही.
चौथ्याची बॅटरी पोटातच शिवलेली,
ती गेली की तोही गेला,
आणि हेलिकॉप्टर येतं महिन्यातून एकदा,
बटाटे, पत्रं आणि पिण्याचं पाणी घेऊन.
त्याच्यासाठी कोण येतंय?

मग तिनं स्वतःच्या जॅकेटातून एक काढला.
पत्र्याचा, ठेंगणा, एका बाजूला चेपलेला,
बॅटरी बोटानं काढता येणारी, तळाशी झाकण.
काही न बोलता फरशीवर सोडून दिला.
ठण्ण.
उचलला, बटण दाबलं, लाल ठिपका लागला.
"होडीतून पडलाय, ट्रकच्या टपावरून पडलाय,
एकदा अस्वलानं चाटलाय," ती म्हणाली.
मला हाच दे, मी म्हणालो.
"हा माझा. तुम्हाला कोरा देते.
तुमचा पोचा तुम्ही पाडा."

जूनच्या नऊ तारखेला पाडला.
वरच्या खिशात विसरलो होतो,
वाकलो, आणि तो शिडीच्या कड्यांवर
ठणठणत खाली गेला,
एकेक कडी मोजत, माझ्यापेक्षा हुशारीनं.
सापडला शेवाळात, तोंड वर करून.
डेल्फिनच्या होता तिथेच नाही, पण पोचा आलाच.

त्या संध्याकाळी वायरलेसवर सगळ्यांना शुभरात्र झाली,
खाली केबिनच्या पायरीवर बसलो.
डास होते. उजेड अकरापर्यंत जात नाही तिकडे.
चिमूटभर पाला, बटण, मिनिटभर थांबणं.
ओढला. सोडला.
समोर स्प्रूसवर पांढुरकं काहीतरी उठलं
आणि एकोणीस वर्षांचा हात
आपणहून वायरलेसकडे गेला.

दिशा तोंडात आली होती माझ्या. अंतर सुद्धा.

हात मागे घेतला.
खांद्यानं तक्रार केली नाही.
वहीत लिहिलं: वारा नैर्ऋत्य, हलका.
धूर नाही.