गणंग

मंगळवारी रात्री जेवणं आटोपली की
मटकी निवडायला बसते,
दीड किलो, साठ पोरांची.
शाळेच्या गोणीतली असते, खडे फुकट.

जर्मनच्या गंजात कोमट पाणी.
करंगळी बुडवून पाहायची, भाजली नाही पाहिजे.
दाण्यांच्या वर चार बोटं पाणी राहू द्यायचं,
रात्रभरात अर्धं तेच पिऊन टाकतात.
पोकळ दाणे तरंगतात, ते कोंबड्यांना.

बुधवारी पहाटे चाळणीवर निथळते
(ते पाणी मिरचीच्या आळ्यात जातं)
अन् मोनालीच्या ओढणीत गाठोडं बांधते.
दहावीची ओढणी, निळी, कोपऱ्यावर शाईचा डाग.
ती आता अमरावतीला, नर्सिंगला.
होस्टेलवर तिनंही सुरू केलं:
लोणच्याची रिकामी बरणी, तोंडाला रुमाल,
त्यावर केसांचं रबर.
रात्री अकराला फोटो येतो.
"आई, शेपट्या पाय न!"
पाहते. बरणीमागं तिचा चेहरा अर्धाच आलेला,
जरा उतरल्यासारखा.
'दोनदा पाणी मारत जा' एवढंच लिहिते.

एप्रिलात एका रात्रीत मोड येतात,
दुपार झाली की आंबूस वास सुटतो.
पौषात मात्र दाणा तोंड उघडत नाही.
गाठोड्याला हात लावावा
तर बेडकाच्या पाठीसारखं गार.

मागच्या बुधवारी तसंच झालं.
उद्या केंद्रप्रमुख येणार, म्हणून सरांनी
फळ्यावर रंगीत खडूनं लिहून ठेवलेलं:
गुरुवार, मोड आलेल्या मटकीची उसळ, भात.
अन् संध्याकाळचे सात वाजले तरी
एकाही दाण्याला शेपूट नाही.
फळा काय, दाण्याला वाचता येतो थोडाच.

गाठोडं डब्यात घातलं, डबा काखेत,
गेले सिंधू ढोकेच्या गोठ्यात.
सोयाबीनचं कुटार छातीइतकं रचलेलं.
कोपरापर्यंत हात घालून जागा केली.
आत ऊब होती, गाईच्या पोटाखाली असते तशी.
सिंधू मोबाईलचा उजेड धरून हसत होती,
"वनमाले, बायतीन निजवल्यावानी निजवतं व!"

पहाटे काढायला गेले तर
त्याच जागेवर मांजर मुटकुळं करून बसलेली.
उठवली तर नख दाखवलं.
कुटारानं किती केलं अन् मांजरीनं किती,
मला सांगता येणार नाही.
ओढणी फुगली होती,
विणीतून पांढरी टोकं बाहेर,
गाठ काही केल्या सुटेना, शेवटी दातानं सोडली.

उसळ साठांना पुरून उरली.
केंद्रप्रमुख आले नाहीत. मीटिंग लागली म्हणे.

फोडणीआधी निवडताना मूठभर गणंग निघाले होते.
एक रात्र पाण्यात, एक रात्र कुटारात,
तरी जसेच्या तसे, गुळगुळीत.
उसळीत गेले तर कोणाचा तरी दात जायचा.
मी ते पदरात वेगळे काढत होते
अन् आरुष गेडाम चुलीजवळ येऊन उभा राहिला.
चौथीत आहे. जोडाक्षर आलं की अडतो.
सर वर्गात त्याला काय म्हणतात
ते स्वयंपाकाच्या खोलीपर्यंत ऐकू येतं.

"काकू, हेच काय थे गणंग?"
हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.
हातातला झारा उगाच पुसत बसले.
"मले दे."
त्यानं ओंजळ पुढं केली, मोजून घेतल्यासारखे घेतले,
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत भरले,
झाकण लावून कानाशी हलवून पाहिली.
"मोडाचे भरले होते पयले," म्हणाला,
"थे वाजतच नाई."

शुक्रवारी प्रार्थनेला पोरं उभी राहिली
तेव्हा मागच्या रांगेतून ठेका आला.
सरांनी डोळे उघडले, मान उंच करून शोधलं,
पुन्हा मिटले.
प्रार्थना संपली, पोरं वर्गात गेली,
खुळखुळ पटांगणात चालूच होती.