निळ्या सताचं माप

आठ सेकंदांत शिजायचं निळं सत.
दोन चिमटी सोरा, मूठभर शेवाळ,
आणि चार कुप्या भरून हातात.
प्यालं की जखम बुजते,
चाळीस सेकंद पाय हरणाचे होतात,
भीतीचा लाल पट्टा पडद्यावरून पुसला जातो.

ती कृती माझीच.
दोन वर्षांपूर्वी, घाटंजीला,
कॉलेजातल्या परीक्षानळ्या धुऊन खोलीवर आल्यावर लिहिलेली.
तेव्हा खेळात आम्ही नऊजण होतो
आणि दलदलीत कोणी दोन मिनिटं टिकत नव्हतं.

आता एकशे बारा आहेत.
दलदलीत बैलबाजाराची गर्दी.
मरत कोणीच नाही,
आणि जो मरत नाही तो हाकही मारत नाही कोणाला.
रेशीम खोब्रागडे जखमा बांधायची,
पाल्याचा लेप, वर मधाचं बोट.
तिच्या खोपटासमोर रांग असायची.
ती गेली. जाताना एवढंच लिहून गेली:
"आता माहं काय काम."

म्हणून शनिवारी तराजू घेऊन बसलो.
सोरा दोनाचा पाच केला.
शेवाळ फक्त उत्तरेच्या कड्यावरचं.
चार कुप्यांची एक. चाळीस सेकंदांचे बारा.
वरून, प्यालं की मिनिटभर हात थरथरणार,
नेम चुकणार, नजरेच्या कडा धुरकटणार.
ह्याचं मला कौतुक वाटलं स्वतःचंच.
नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच सांगतो मी:
जे जळतं ते काहीतरी मागे ठेवतं,
राख नाही तर वास.
आणि जाता जाता शिजायचा वेळ,
आठ सेकंदांवरून वीस मिनिटं.
भट्टीपाशी उभं राहायचं. हललं की नासलं.

रविवारभर शिव्या.
पारव्याचा इरफान म्हणे,
"सर, हे दुधात पाणी नाई, पाण्यात दूध झालं."
पोट्ट्यांनी माझा पुतळा बांधून दलदलीत बुडवला.
चांगला बांधला होता, चष्म्यासकट.
मी चहा पीत वाचत राहिलो.

मग रात्री सव्वा वाजता प्रणिल टेकाम.
"सर, सोरा पाच करा, धा करा, देतो.
कड्यावर बी चढतो.
पण वीस मिनिटं कुठून आणू?
थ्री फेज आली की मोटर लावतो.
एक वाफा भरेपर्यंत आठ मिनिटं हायेत माह्यापाशी,
मंग दांड फोडून पाणी वळवा लागते.
धुऱ्यावर उभं राहिलं त दोन काड्या रेंज येते.
वीस मिनिटं निस्तं उभं राहणारा
तुमच्या खेळात बी मालदारच असन."

त्या आकड्याकडे पाहत बसलो.
सोरा मोजला होता, शेवाळ मोजलं होतं,
वीस मात्र तसंच टाइप केलं होतं,
कारण सहानंतर माझी वाट कोणी पाहत नाही.
माझ्या खोलीत वेळ सांडलेला असतो,
फरशीवर, कुठेही पाय ठेवा.

भट्टी पुन्हा आठ सेकंदांची केली.
पण आता कुपी दुसऱ्यानं धरायची.
थरथर थांबवायची तर मनगटही दुसऱ्यानं धरायचं,
जवळ येऊन, हत्यार खाली ठेवून.
रेशीमला निरोप पाठवला.
वाचल्याची खूण आली, उत्तर नाही.

मंगळवारी पावणेतीनला
प्रणिलचा गडी सत पिऊन भट्टीपाशी थिजलेला दिसला.
लाइन गेली असेल, नाहीतर वाफा भरला.
त्याचं मनगट धरून कोणीतरी नवखं उभं होतं,
नाव नाही, अंगावर सुरुवातीचेच कपडे.
वरून लांडगे उतरत होते.
ते हललं नाही.

पाच सोरा अजूनही जास्तच, इरफान म्हणतो.
चार करून पाहतो.