काटा

जिनपालकाका सकाळी सकाळी आले.
चहा नको म्हणाले, आधी पिशवीतून माहितीपत्रक काढलं.
गुळगुळीत कागद. वर एक मुलगी, गळ्यात रुमाल,
मागं विमान, तिच्या खांद्याएवढंच.
"रेश्मा, तू ह्यातली. सांग,
आमच्या श्रेणिकला घालावं का ह्या डिग्रीला?
तीन वर्षं, साडेचार लाख, होस्टेल वेगळं.
नोकरीची हमी आहे म्हणतात."

हमी मलाही होती, काका.
निळ्या कागदावर, सोनेरी अक्षरात.

मी म्हटलं, गाडी काढा, कवलापूरला जाऊन येऊ.

धावपट्टीच्या भेगांतून गवत वर आलंय.
एकजण बायकोला स्कूटी शिकवतोय,
पाय खाली सोडू नको म्हणून ओरडत मागं पळतोय.
शेळ्या आहेत. विमान नाही.
"उतरंल की कधीतरी," म्हणायचे बाबा,
मला सायकलच्या दांडीवर बसवून इथं आणायचे,
यार्डात दिवसभर हळदीची पोती तोलून
नखांच्या मुळापर्यंत पिवळे झालेले.

मी काय शिकले, सांगते.
पहिल्या वर्षी विमानतळाचं अर्थकारण.
दुसऱ्या वर्षी प्रवाशाकडं बघून हसणं; त्याला मार्क होते.
तिसऱ्या वर्षी खऱ्या विमानतळावर नेलं,
आम्ही काचेबाहेरून फोटो काढले.
मॅनेजमेंट हा शब्द प्रमाणपत्रावर आहे.
कामावर व्हीलचेअर आहे, पहाटे साडेतीनची गाडी आहे,
लिपस्टिकची ठरवून दिलेली छटा आहे,
अठरा हजार आहेत, त्यातले सात खोलीला.
शेजारच्या काउंटरवर लातूरचा मुलगा,
साधा बी.कॉम., सहा आठवड्यांचं ट्रेनिंग.
पगार तेवढाच.
शहरांचे कोड मला त्याच्याआधी पाठ होते.
हा फरक पंधरा दिवस पुरला.

पहिल्या पगाराला बाबा पुण्याला आले, बघायला.
काचेपलीकडं उभे.
एक बाई अठरा किलोची बॅग पंधराचीच आहे म्हणून भांडत होती,
मी आकड्याकडं बोट दाखवत हसत होते.
रात्री जेवताना एवढंच म्हणाले,
"शेवटी काट्यावरच बसलीस की गं."
रागानं नाही.
मग जरा वेळानं, "तुमचा काटा खरा असतो न्हवं?"

वाईट नाही हं काका, तसं समजू नका.
एका धुक्याच्या रात्री दीडशे माणसं अडकली होती,
पाणी, पांघरुणं, शिव्या, सगळं माझ्या हातून गेलं,
आणि पहाटे शेवटचा माणूस आत गेल्यावर वाटलं,
हे आपण चालवलं.
आमची नफीसा आता ड्युटी मॅनेजर आहे, इचलकरंजीची.
सात वर्षं रात्रपाळ्या केल्या तिनं.
बढतीच्या अर्जात पदवीचा रकाना होता,
कुठली पदवी ते कुणी विचारलं नाही.

"म्हणजे घालू का नको?"

श्रेणिक इतका वेळ काही बोलला नव्हता.
पट्टी पावलांनी मोजत पार टोकाला गेला होता.
परत आला, धापा टाकत,
चिमूटभर वाळकं गवत हवेत सोडलं, बघत राहिला.
"ताई, पट्टी ह्याच दिशेला का केली असंल?
वर्षभर वारं कुठनं येतं इथं?"

माझ्या तीन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मीसुद्धा.

त्याचं उत्तर त्या गुळगुळीत कागदात नाही, एवढं मला कळलं.
ते भौतिकशास्त्रात आहे, गणितात आहे,
टॉवरमध्ये बसून वाऱ्याचा आकडा सांगणाऱ्यांच्या परीक्षेत आहे.
मी विचारलं, अकरावीला काय घेतलंस?
"कॉमर्स," काकाच म्हणाले. "सोपं म्हणून."

ऊन चढलं होतं.
काकांनी माहितीपत्रकाची घडी घालून डोक्यावर धरली.
"आता बदलून मिळतं का गं?"
मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही म्हटलं.

स्कूटीवरची बाई एव्हाना एकटीच लांब गेली होती,
नवरा गुडघ्यांवर हात टेकून मधेच उभा.
पट्टीच्या टोकाला पोचून ती थांबली.
वळवायचं अजून शिकवलं नव्हतं तिला.