ओलं फडकं

ताल्काउआनो सुटलं तेव्हा
मी कठड्याला धरून उभा, टोपी सांभाळत.
तासाभरात टोपी गेली, मग सकाळचा पाव,
मग लोंकिमाईहून आईने बांधून दिलेल्या
अरौकारियाच्या भाजक्या बिया.

बोटीवर आम्ही एकवीस, झोळ्या चौदा.
पाळी संपली की दुसऱ्याच्या उबेत शिरायचं.

सारंग ओयार्सून ओरडत नसे.
मी मारलेली गाठ दोन बोटांनी सोडायचा
आणि दोर परत हातात.
अकराव्यांदा ती सुटली नाही.
तो काही बोलला नाही; पुढच्या पोराकडे वळला.

रात्री पहाऱ्यावर मी वर्दी दिली, दिवा दिसतोय.
आमच्याच डोलकाठीचा होता, पाण्यात पडलेला.
आठवडाभर सगळे मला दीपगृह म्हणत.

जेवताना टेबलावर ओलं फडकं अंथरायचं,
ताटल्या घसरत नाहीत.
हे कुणी शिकवत नाही.
दोनदा सूप मांडीवर सांडलं की कळतं.

सुट्टीत घरी, डोंगरात,
आई चहा ओतत होती.
मी उठलो, फडकं भिजवलं,
बशीखाली घातलं.
तिने खिडकीबाहेर पाहिलं:
बर्फ, कुंपण, बांधलेली गाय,
सगळं जागच्या जागी.
मग आपलाही कप
तिने फडक्यावर सरकवला.