मागून पहिली

अजून नऊ दिवस.
बोहिन्यच्या तळ्याकाठी तंबू भाड्याने देणाऱ्या ब्लाझने
फळ्यावर खडूनं लिहिलंय : पाणी चौदा.
काल तेरा होतं.
तेवढ्या एका अंशावर मी सकाळभर खूश आहे.
दवाखान्यात कुणाची तरी अक्कलदाढ निघते आहे,
डॉक्टरीणबाईंच्या हातात चिमटा देताना मी गुणगुणते,
आणि खुर्चीतला माणूस, तोंड उघडंच,
माझ्याकडे संशयाने बघतो.

फ्रिजवर यादी :
पोहायचा रबरी पोशाख, बगलेत उसवलाय, चिकटवणे.
मागचा ब्रेक, जो उतारावर
सबंध दरीला माझी वर्दी देतो.
दोन केळी. कडक चीज.
मोजे. मोजे. मोजे.
तीनदा, कारण गेल्या वर्षी विसरले होते
आणि तळ्यातून निघालेल्या ओल्या पायांनी
शेवटचा डोंगर बुटांशी भांडत चढले होते.

गेल्या वर्षीचं म्हणाल तर
मी मागून पहिली.
त्याचं काही नाही,
कुणीतरी शेवटी यायचंच असतं.
पण मी जंगलाशी पोचायच्या आतच
वाट दाखवणाऱ्या नारिंगी फिती
टिनचेने सोडून घेतल्या होत्या.
त्याला वाटलं, संपली शर्यत.

बीचच्या झाडांत तिथे तीन वाटा फुटतात,
तिन्ही सारख्याच निरागस.
मी उभी. छातीवर एकशे बारा नंबर,
गुडघ्यापर्यंत चिखल,
आवाज फक्त माझ्या धापेचा
आणि वर कुठेतरी गाईंच्या घंटांचा.
घंटांकडे निघाले.
एका तपकिरी गाईने
जन्माची ओळख असल्यासारखं पाहिलं माझ्याकडे,
वळली, चालू लागली. मी तिच्या मागे.
तिला धारेची वेळ झाली होती,
मला वाटलं, माणसांकडे चाललीय.
तशी ती चाललीच होती म्हणा.
पोचलो ते थेट ग्रेगोर्चांच्या गोठ्यात.
नवरा-बायकोने मला वाडगाभर ताक दिलं
आणि टाळ्या वाजवल्या. दोघांनीच.

गावात अजून हसतात. मीही हसते.
रात्री मात्र कधीतरी
त्या तीन वाटांपाशी जाग येते.

काल संध्याकाळी दारात टिनचे.
सत्तरी उलटलेला, टोपी हातात.
वर्षभर हा माणूस मला पाहिलं की
पावाच्या दुकानातून पाव न घेता निघून जायचा.
"यंदाही फिती मीच काढणार," म्हणाला,
आणि बराच वेळ माझ्या सायकलची साखळी बघत राहिला.
बोटाने चाचपली. मान हलवली. तेल कमी.
"पण यंदा तुझ्या मागून येईन.
तू पुढे गेलीस की एकेक सोडवीन.
लागेल तितका वेळ लागू दे.
डबा आणतोय."

मी काही बोलले नाही.
पेअरची दारू ओतली त्याला, घोटभर,
मग मलाही.

तेव्हापासून अंथरुणातच पोहते आहे.
पहिल्या दहा हातांना छाती आवळते,
मग पाणी आपलंसं करतं,
काठावर सायकल, सायकलीवर खडी,
खडीवरून मुळं, मुळांवरून पाय,
आणि मागे, ऐकू येईल न येईल अशा अंतरावर,
एक म्हातारा गाठी सोडतोय,
माझ्या मागचं जंगल
घडी घालून जंगलाला परत देतोय.

आणि मग मध्यरात्री नवीनच काळजी :
सबंध हिवाळा जिन्यावरून पळत काढलाय मी.
समजा, यंदा शेवटची आलेच नाही तर?
माझ्या मागे कुणी दुसरंच असलं,
तर टिनचे त्याच्यासाठी थांबेल ना?
विचारायला हवं.

आज फळ्यावर पुन्हा तेरा.
ब्लाझने खडू झटकला, खांदे उडवले,
पाणी काय माझ्या बापाचं आहे का, असं.
घरी येऊन यादीत
चौथ्यांदा लिहिलं :
मोजे.